वरच्या मळ्यातले झाडू

बेनिग्ना ओरोस्को माझ्या थोरल्या मुलीची धर्ममाता. आमच्यात असं नातं जुळलं की बायका पुन्हा एकमेकींना नावाने हाक मारत नाहीत, कोमाद्रे म्हणतात. भांडतानासुद्धा. आमच्या दोन घरांमध्ये एक ओढा होता, आणि ओढ्यापलीकडे तिची कोकोची बाग, एल ग्वामाल. चाळीस एकर. मळेवाल्यांच्या लेखी ती काही फार मोठी नव्हे. पण आमच्या बेटावरच्या कुरागुआच्या खोऱ्यात आम्हा स्पॅनिश बोलणाऱ्यांपैकी कुणाच्या नावावर एवढी जमीन असेल तर ती तिच्याच. बाकीचे मळे फ्रेंच नावाच्या लोकांचे, आणि आम्ही तिथे कामाला.

ती जमीन तिने आणि तिच्या नवऱ्याने, सिरिलोने, जंगल तोडून उभी केली होती. लग्न झालं तेव्हा तिथे दिवसाही ऊन जमिनीवर पडत नसे. दोघांनी बारा वर्षं घातली त्यात. त्या बारा वर्षांत तिची दोन मुलं पाळण्यातच गेली, आणि पुढे झाली नाहीत. कुणी विषय काढला तर ती म्हणायची, "आहेत की माझी आठ हजार, उन्हात उभी करून ठेवलीत." कोकोला ऊन सोसत नाही हे ऐकणाऱ्यालाही ठाऊक असायचं, मग तो हसायचा आणि विषय संपायचा.

सिरिलो गेला १९२६ साली. कोकोला सावली म्हणून आम्ही पांगारे लावतो, ते वाढून घरापेक्षा उंच होतात. त्या दिवशी वारा नव्हता की पाऊस नव्हता. तो खांद्यावर आकडी टाकून सकाळी फळं उतरवायला चालला होता, आणि आतून पोखरलेली एक फांदी वरून सुटली. आम्ही पोचलो तेव्हा बेनिग्ना त्याच्या तोंडावरची पानं एकेक करून काढत होती.

नऊ दिवसांच्या प्रार्थना झाल्या आणि दहाव्या दिवसापासून सल्ले सुरू झाले. कुणी म्हणे दुसरं लग्न कर, कुणी म्हणे विकून टाक. तिच्या बागेच्या वरच्या अंगाला मस्यू देलारोकचा मळा होता. तो स्वतः घोड्यावरून आला, टोपी काढून दारात उभा राहिला, दोन शब्द चांगले बोलला आणि जमीन घ्यायची तयारी दाखवून गेला. माणूस वाईट नव्हता. बेनिग्नाने त्याला कॉफी दिली आणि नाही म्हणाली.

मग मजूर कुरकुरायला लागले. त्यात माझा नवरा माकारिओ सगळ्यांत पुढे. तो तिची गाढवं हाकायचा. एकदा वाळवणाच्या ओट्यावर सगळ्यांसमोर म्हणाला, "बाईच्या हाताखाली काम म्हणजे उद्या भांडीपण घासावी लागणार बहुतेक."

बेनिग्ना उन्हातल्या बिया खालीवर परतत होती. मान वर न करता म्हणाली, "घास की. घरी तू स्वतःचं ताटसुद्धा उचलत नाहीस असं कळलंय."

ते तिला कुणी सांगितलं हे सगळ्यांना माहीत होतं. माकारिओ दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. पण त्यानंतर ओट्यावर कुणी तोंड उघडलं नाही.

आणि बाग तिने चालवली. आंबवायच्या पेटीत कोपरापर्यंत हात घालून ती सांगायची, आज परतायचं की उद्या. केळीच्या पानांखाली त्या बिया अशा तापतात की दुसऱ्याचा हात क्षणभर टिकत नाही. ऊन पडलं की ओट्याचं छप्पर ढकलून मागे सारायचं, ढग आला की धावत पुन्हा ओढायचं, आणि बिया वाळल्या की आम्ही बायका स्कर्ट वर खोचून पायांनी त्या घोळवायचो, चकाकेपर्यंत. दोन हंगाम तिचा माल खोऱ्यात सगळ्यांत चांगला निघाला. नाताळात गाणारे घरोघरी फिरतात, ते त्या दोन्ही वर्षी सगळ्यांत आधी तिच्या दारात आले.

तिच्याकडे जोखू नावाचा एक म्हातारा होता. पोरवयात मळ्यातल्या मजुरीच्या करारावर जहाजातून हिंदुस्थानातून आलेला. करार संपला, परतीचं जहाज त्याने सोडून दिलं, बायको इथेच वारली, आणि मग तो सिरिलोकडे आला आणि राहिला. ओट्यामागे त्याची खोली होती. तो बेनिग्नाला बेटी म्हणायचा आणि ती त्याला आजा. झाडाची भाषा त्याला कळते असं लोक म्हणत. तो म्हणायचा, "भाषा कसली? मी रोज बघतो, तुम्ही रोज बघत नाही."

म्हणून ते पहिल्यांदा त्यालाच दिसलं. १९२९ सालच्या ऑगस्टमध्ये तो एक डहाळी हातात घेऊन ओट्यावर आला. सरळ वाढायची ती सुजली होती, आणि एकाच जागेतून वीस-पंचवीस बारीक काड्या फुटल्या होत्या. थेट अंगण झाडायच्या झाडूसारखी. बेनिग्नाने ती हातात घेतली, वास घेतला. दक्षिणेकडच्या मळ्यांत चेटकिणीचा झाडू नावाचा रोग आलाय असं आम्ही ऐकून होतो. पाहिला कुणी नव्हता.

"किती आहेत?" तिने विचारलं.

"मी चाळीस मोजले," जोखू म्हणाला, "मग मोजणं सोडलं."

शेतकी खात्याचा एक तरुण साहेब खेचरावरून आला. उन्हाने लाल झालेला, भला पोरगा होता. त्याने समजावून सांगितलं. हे झाडू वाळतात, वाळलेल्यावर पाऊस पडला की नखाएवढ्या गुलाबी छत्र्या उगवतात, त्यांतून डोळ्याला न दिसणारी भुकटी उडते आणि कोवळ्या पालवीवर बसते. फळाला धरलं तर फळ दगड होतं. औषध नाही. एकूण एक झाडू कापायचा आणि जाळायचा, एवढाच उपाय.

तिने तो केला. पाच आठवडे आम्ही सगळे आकड्या घेऊन वर बघत फिरलो. माना धरल्या, डोळ्यांत कचरा गेला. पाऊस असल्यामुळे ढीग पेटत नव्हते, धुमसत होते. शेवटचा ढीग जळला तेव्हा बागेत एकही झाडू नव्हता. आणि महिन्याभरात पुन्हा आले. सगळीकडे नाही. वरच्या हद्दीला, देलारोकच्या मळ्याला लागून, पट्टा ओढल्यासारखे.

देलारोकने मळा सोडला होता. माणसं काढून टाकली, मुकादमाचं घर बंद केलं आणि शहरात जाऊन राहिला. वर शंभर एकरांवर झाडूच झाडू लटकत होते. हद्दीवर उभं राहिलं की हिरव्याआड ते तपकिरी झुबके दिसायचे.

बेनिग्ना पायी अरिमाला गेली आणि तिथून आगगाडीने शहरात. आयुष्यात दुसऱ्यांदा. तिकडे काय झालं ते तिने मला आल्यावर सांगितलं. मस्यूने तिला व्हरांड्यात बसवलं, लिंबाचं सरबत दिलं. ती म्हणाली, निदान हद्दीलगतची झाडं तरी साफ करा. तो म्हणाला, माणसं कुठायत? तुझीही जातीलच. ती म्हणाली, मग मी करते. मजुरी नको, तुमचं एक फळ नको.

"त्यावर त्याने माझा ग्लास पुन्हा भरला," ती म्हणाली. "मग म्हणतो, मेलेल्याला आंघोळ घालायला कुणी परवानगी मागतं का? घाल बापडे."

"म्हणजे हो म्हणाला?"

"हो नाही म्हणाला. पण नाहीसुद्धा नाही म्हणाला, कोमाद्रे."

त्याचं एक खरं ठरलं. माणसं जात होती. दक्षिणेला तेलाच्या विहिरींवर काम निघालं होतं, आणि तिथे मान वर करून फिरावं लागत नव्हतं. बेनिग्नाने मग सावड घातली. कुणाचं घर उभं करायचं असलं की आमच्याकडे सगळे हात लावतात, जेवण घरधन्याचं. तशी. जानेवारीत पाऊस थांबल्यावर तिने दोन्ही डुकरं मारली आणि खोऱ्यात निरोप धाडला. पहिल्या दिवशी एकोणीस जण आले. कोयते, आकड्या, हसणं, गाणं. दुसऱ्या आठवड्यात अकरा. लोक म्हणायला लागले, परक्याच्या शेतात राबतेय, डोकं फिरलंय विधवेचं. चौथ्या आठवड्यात आम्ही सहा उरलो. ती, जोखू, मी, माकारिओ आणि डोंगरापलीकडच्या दोघी बहिणी.

वरचा मळा एका पावसाळ्यात रान झाला होता. कमरेएवढं गवत, वेली, खाली कुजकी पानं. जोखूचा हात आता वर टिकत नव्हता, म्हणून आम्ही कापायचो आणि तो पडलेले झाडू गोळा करून ढीग लावायचा. फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी, जेवण झाल्यावर, त्याने पानांतला एक झाडू उचलायला हात घातला. खाली मापेपिरे होता. तो साप सुक्या पानांसारखाच दिसतो, आणि मनगटाएवढा जाड असतो.

जोखू ओरडला नाही. "चावला," एवढंच म्हणाला, आणि खाली बसला.

माकारिओने साप मारला, मी दंड बांधला, आणि आम्ही त्याला झोळीत घालून खाली आणलं. सापाचं औषध देणारा म्हातारा आला, त्याने मुळं चावून लावली, मंत्र म्हटले. हात खांद्यापर्यंत काळा पडला. दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता जोखू गेला. शेवटी शेवटी तो आपल्या भाषेत कुणाशी तरी बोलत होता, आम्हाला कळलं नाही. पण त्याआधी शुद्धीवर होता तेव्हा त्याने बेनिग्नाला जवळ बोलावलं होतं.

"बेटी, ढीग आजच पेटवून टाक," म्हणाला. "सर आली तर छत्र्या फुटतील."

तिने आधी जाऊन ढीग पेटवला, मग परत त्याच्यापाशी बसली.

त्याच्या लोकांत प्रेत जाळतात. बेनिग्ना चौकीवर गेली आणि शिपायाला म्हणाली, आम्हाला हे करू दे. शिपाई आमच्याच ओळखीचा, पण हुकूम नव्हता. माणूस जाळायला कायद्याने बंदी होती, पुरायलाच हवा.

"महिनाभर खोऱ्यात धूर चाललाय," ती म्हणाली. "एक दिवस आणखी चालला तर कुणाला कळणार?"

"तो झाडांचा आहे, दोन्या," तो म्हणाला, मानाच्या बाईला म्हणतात तसं. त्याने टोपी काढून हातात धरली होती.

तुनापुनाकडून एक पंडित आणला आणि जोखूला पुरलं. दोघी बहिणी दुसऱ्या दिवसापासून आल्या नाहीत. माकारिओने मला सांगितलं, आता तूही जायचं नाहीस. घरात तीन मुलं आहेत. आणि मी गेले नाही. मी हे लपवत नाही. अकरा दिवस मी ओढ्याच्या अलीकडे कपडे धुतले, आणि वरून तिच्या कोयत्याचा आवाज ऐकला. एकच कोयता. थांबायचा, आणि तो पुन्हा सुरू होईपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नसायचा. बाराव्या दिवशी मी माकारिओला न विचारता गेले. तिने आकडी माझ्या हातात दिली आणि कोणत्या ओळीपासून लागायचं ते दाखवलं.

आम्ही दोघींनी ते एप्रिलअखेर पुरं केलं. माकारिओसुद्धा शेवटच्या पंधरवड्यात आला. शंभर एकर नाही जमले, पण हद्दीपासून वर, टेकडीच्या धारेपर्यंत, साठेक एकर. हाताला घट्टे आणि केसांत धुराचा वास, तो धुऊनही जाईना.

जूनमध्ये कोकोला नवी पालवी फुटली. तांबूस, लुसलुशीत, खाली लोंबणारी. ती रोज सकाळी ओळीओळीने फिरायची, पानं उलटून बघायची. पहिला आठवडा स्वच्छ. दुसरा स्वच्छ. तिसरा स्वच्छ. चार वर्षांत मी तिला गुणगुणताना ऐकलं नव्हतं, ते त्या दिवसांत ऐकलं. ओढा ओलांडून जो येईल त्याला ती थांबवून दालचिनी घातलेला कोको पाजायची. मला म्हणाली, आजाच्या खोलीला नवं छप्पर घालू या, हंगामाला माणसं ठेवावी लागतील.

जुलैच्या सुरुवातीला मी ओढ्यावर होते. समोर तिच्या बागेची खालची ओळ. सहज वर बघितलं, आणि एका फांदीच्या टोकाला तो होता. कोवळा, हिरवा, बोटभर. वरच्या मळ्यापासून सगळ्यांत लांबची ओळ ती. मी कपडे तसेच पिळून घरी आले. दोन दिवस तिला सांगितलं नाही. तिसऱ्या दिवशी जीभ रेटेना, पण गेले.

ती दारात मका सोलत बसली होती. माझं तोंड बघून म्हणाली, "खालच्या ओळीतला ना?"

"तुला माहीत होतं?"

"रविवारपासून. तू ओढ्यावर येतेस, तुझ्या नजरेला पडू नये म्हणून कापणार होते." मग म्हणाली, "आणखी आहेत. आता मधल्या ओळींतही आहेत."

साहेब पुन्हा आला. तोच पोरगा, आता जरा वाळलेला. सगळ्या बागेत फिरला, वरच्या मळ्यातही जाऊन आला. परतला तेव्हा त्याने टोपी काढली. तिच्या पायरीवर बसला आणि म्हणाला, "बाई, या बेटावर एवढी स्वच्छ बाग मी पाहिली नाही. तुम्ही केलंत ते सगळं बरोबर केलंत."

"मग हे आले कुठून?"

त्याने सांगितलं. डोंगरापलीकडच्या खोऱ्यात हजार एकर तसेच सोडून दिलेत. त्याच्यापुढे आणखी. भुकटी वाऱ्यावर मैलोन् मैल जाते, आम्हालाही हे या वर्षीच नीट कळलं, म्हणाला.

बेनिग्नाने ते ऐकून घेतलं. मग हळू विचारलं, "म्हणजे वरचा मळा आम्ही साफ केला नसता, तरी हेच झालं असतं?"

पोरगा प्रामाणिक होता बिचारा. "बहुधा," म्हणाला.

"मग तो म्हातारा?"

त्याला कोण म्हातारा ते ठाऊक नव्हतं. त्याने माझ्याकडे बघितलं. मी खाली बघितलं. थोड्या वेळाने तो खेचरावर बसून गेला. मला अजून वाटतं, त्याने खोटं बोलायला हवं होतं. थोडंसंच. त्याचं काय गेलं असतं?

त्या दिवसानंतर तिने एकही झाडू कापला नाही. हंगामात फळं मात्र उतरवली, होती तेवढी. फोडावं तर आत बिया एकमेकींना चिकटून दगड झालेल्या, कोयत्याच्या पाठीने ठोकून काढाव्या लागत. चांगल्या निघाल्या त्या तिने आंबवल्या, वाळवल्या. घोळवायला आम्ही दोघीच होतो. ओट्याचा एक कोपरादेखील भरला नव्हता. मी काहीतरी विनोद करायला गेले आणि तिने माझ्याकडे असं बघितलं की मी थांबले.

नाताळ झाल्यावर एका सकाळी ती ओढा ओलांडून आली. कोंबड्या पोत्यात घालून आणल्या होत्या, त्या मला दिल्या. अरिमात एका पाववाल्याच्या घरी कपडे धुवायचं काम मिळालंय, म्हणाली. मी म्हटलं, आमच्याकडे राहा, मुलं आनंदतील. माकारिओही म्हणाला, दोन्या, आपल्याला भांडी घासायची सवय आहे आता, एक ताट जास्त झालं तर काय. तिने त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"इथून ती दिसते," ती म्हणाली.

बाग विकायचा प्रश्नच नव्हता, फुकट दिली असती तरी कुणी घेतली नसती. घराला तिने कुलूपही लावलं नाही. दोन वर्षांत वेलींनी ओट्याचं छप्पर खाली आणलं. तिसऱ्या वर्षी मी एकदा गेले होते, तर कुठून आत शिरायचं तेच कळेना.

शनिवारी मी केळी आणि कसावा घेऊन अरिमाच्या बाजाराला जायची, तेव्हा ती भेटायची. मुलींच्या चौकशा करायची. माझ्या थोरलीचं लग्न ठरलं तेव्हा धर्ममातेच्या मानाने चर्चमध्ये पुढे बसली, स्वतः शिवलेली चादर दिली. खोऱ्यातल्या सगळ्यांच्या गोष्टी तिला लागायच्या, कोण आजारी, कोणाचं जमलं, कोणाचं मोडलं. बागेचं मात्र तिने कधी विचारलं नाही आणि मी कधी सांगितलं नाही. एकदा तिचे हात बघून मी म्हटलं, काय झालंय गं हे, साबणाने सालटी निघालीत.

"असू दे," ती म्हणाली. "धुतलेलं धुतलेलं असतं, कोमाद्रे. संध्याकाळी दोरीवर बघितलं की दिसतं."

सदतीस साली, पावसाळ्यात, ती तापाने गेली. मला शनिवारी बाजारात कळलं. तीन दिवस झाले होते. पाववाल्याच्या बायकोने नीट केलं होतं सगळं, पाद्री आणला होता, मेणबत्त्या लावल्या होत्या. तिने मला बेनिग्नाचं सामान एका पिठाच्या पोत्यात भरून दिलं. दोन झगे, जपमाळ, फणी, एक चांगला टॉवेल. पोतं फार हलकं होतं. मी केळी न विकताच परत निघाले. बसमध्ये शेजारच्या बाईने विचारलं, काय आणलंत बाजारातून? मी म्हटलं, पीठ.